चैत्रातली पोहरादेवी आणि आईच्या डोळ्यातली लेन्स

दिग्रस मागे पडले की मानोऱ्याकडे जाणारा रस्ता सागाच्या विरळ रानातून आणि तुरीच्या, कपाशीच्या रिकाम्या झालेल्या वावरांतून पुढे सरकतो. चैत्रात या वावरांत उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग असतात, नांगरटीची ढेकळे उन्हात भाजत पडलेली असतात, आणि दुपारचा वारा सुटला की काळ्या जमिनीची बारीक भुकटी रस्त्यावर येते. गाडीच्या काचा लावून घेतल्या तरी ती आत शिरतेच. आपल्या घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स लावत असेल, तर पोहरादेवीच्या यात्रेची तयारी मंदिराच्या दारात करून भागत नाही. ती घरी, निघण्याच्या आदल्या रात्री करायची असते. हे मला कळले ते एकदा चुकल्यानंतर. ती चूक आपल्याकडून होऊ नये, म्हणून त्या प्रवासाची ही हकीकत सांगतो.

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील छोटे गाव. बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. येथे जगदंबा देवीचे मंदिर आहे, संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि २०२० साली निवर्तलेल्या संत रामराव महाराजांचीही समाधी आहे. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणाऱ्या या समाजाने अठराव्या शतकातल्या आपल्या संताचे विसाव्याचे ठिकाण या माळावर मानले. रामनवमीला तेलंगण, आंध्र, कर्नाटक अशा दूरदूरच्या प्रांतांतून तांडेच्या तांडे येथे उतरतात. पांढरे झेंडे, नगाऱ्याचा ठोका, आरशांच्या तुकड्यांनी लखलखणारे फेटिया आणि काचळी ल्यालेल्या वृद्ध स्त्रिया, आणि होमात पडणारे तूप, नारळ व लापशीचा भोग. आपण प्रथमच गेलात, तर कान आणि नाक आधी भरून जातात. डोळ्यांची पाळी नंतर येते.

माझी आई बंजारा नव्हे. तिने मात्र आयुष्याची एकोणीस वर्षे याच भागातल्या एका तांड्यावरच्या प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवली. तिचे विद्यार्थी आता पन्नाशीला आले आहेत. त्यांतले काही दरवर्षी रामनवमीला बोलावतात, “बाई, या वर्षी तरी या,” म्हणून आग्रह करतात. त्या वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती हो म्हणाली. “पोरांचे चेहरे पाहायचे आहेत,” एवढेच तिने कारण दिले.

चेहरे पाहणे ही तिच्यासाठी साधी गोष्ट नाही. तरुणपणी शाळेच्या कुंपणाशी वाकली असता तुराटीचे टोक तिच्या उजव्या डोळ्यात गेले. जखम भरली, पण पुढे त्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि शस्त्रक्रियेत भिंग काढून टाकावे लागले. त्या जागी कृत्रिम भिंग बसवले गेले नाही, कारण त्याला टेकू देणारा आतला पडदा दुखापतीतच फाटला होता. डोळ्यात बसवण्याचे पहिले कृत्रिम भिंग लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ सालीच वापरले होते, तरी आपल्याकडे ते सामान्य माणसापर्यंत पोहोचायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली. तोवर मोतीबिंदू काढलेली माणसे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून वावरत. आपल्यापैकी अनेकांनी असा चष्मा घरात पाहिला असेल.

एकाच डोळ्यातले भिंग गेले असेल, तर मात्र हा जाड चष्माही उपयोगी पडत नाही. त्यातून वस्तू सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी मोठी दिसते, तर दुसऱ्या डोळ्याला तीच वस्तू नेहमीच्या आकाराची दिसते. मेंदूला या दोन चित्रांचे एक चित्र करता येत नाही, आणि माणसाला एकाचे दोन दिसू लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, थेट बसत असल्यामुळे हा फरक बराच कमी होतो. शिवाय जुन्या जखमेमुळे आईच्या कॉर्नियाचा पृष्ठभाग ओबडधोबड झाला आहे. कडक लेन्स त्यावर बसली की लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये अश्रूंचा पातळ थर राहतो आणि तो खाचखळगे भरून काढतो. म्हणून ती गेली चाळीस वर्षे लेन्स लावते. शोभेसाठी नव्हे; तिच्या उजव्या बाजूचे जग त्या बोटाच्या नखाएवढ्या चकतीवर उभे आहे. डाव्या डोळ्यातही आता मोतीबिंदू उतरू लागला असल्याने त्या चकतीचे मोल आणखी वाढले आहे.

ज्येष्ठांचा आणि कॉन्टॅक्ट लेन्सचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तर हे आहे. असे डोळे आपल्या समाजात थोडे नाहीत. शेतात काटक्या, कुसळे, धसकटे डोळ्यात जाणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत.

त्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. आईने साडेपाचला, दिव्याच्या उजेडात, लेन्स लावली. ही पहिली चूक. ती मला त्या वेळी चूक वाटलीही नाही. प्रवास चार तासांचा, त्यात गाडीतले थंड वारे थेट तोंडावर येणारे. वातानुकूलित हवा कोरडी असते, आणि उतारवयात डोळा मुळातच कोरडा झालेला असतो. अश्रू कमी होतात, पापण्यांच्या कडेला असलेल्या तेलग्रंथी तुंबतात, त्यामुळे जे अश्रू असतात तेही लवकर उडून जातात. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हे अधिक जाणवते. त्यात सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे ही कोरडेपणा वाढवतात. आई रक्तदाबाची गोळी घेते. या सगळ्याचा हिशेब केला असता, तर लेन्स दिग्रस सोडल्यावर, सावलीत थांबून लावता आली असती. चार तासांची झीज वाचली असती.

पोहरादेवीला पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. गाड्या दूरच थांबवल्या होत्या. तेथून मंदिरापर्यंतची वाट पायी, मातीची, आणि त्या मातीवरून हजारो पावले चाललेली. एका माजी विद्यार्थ्याने आईचा हात धरला. ती त्याच्याकडे मान किंचित उजवीकडे वळवून पाहत होती. हे वळणे मला नंतर आठवले. माणूस ज्या डोळ्याने पाहायचे तो डोळा समोर यावा अशी मान फिरवतो. आई उजव्या डोळ्याला बाजूला काढत होती. पदराने डोळ्याचा कोपरा टिपत होती, जोरजोरात उघडझाप करत होती. मी विचारले, “आई, त्रास होतो आहे का?” ती म्हणाली, “काही नाही, धूळ आहे.”

वाचकहो, माझा हा प्रश्नच चुकीचा होता. “त्रास होतो का” असे विचारले की आपल्या पिढीतल्या आणि त्या आधीच्या पिढीतल्या माणसाचे उत्तर ठरलेले असते. त्यांना आपला खोळंबा करायचा नसतो. शिवाय लेन्स काढणे म्हणजे अर्धे जग विझवणे. ज्यासाठी इतका प्रवास केला ते चेहरेच धुक्यात जाणार. मग कोण कबूल करील? विचारायचे ते असे: एक डोळा झाकून समोरचा झेंडा दाखवावा आणि “आता कसा दिसतो, सकाळपेक्षा धुरकट आहे का?” असे विचारावे. आरसा देऊन “दोन्ही डोळे सारखेच पांढरे आहेत का बघ” म्हणावे. अशा प्रश्नांना “काही नाही” हे उत्तर चालत नाही.

होमाच्या जागी धूर दाट होता. तुपाचा, नारळाचा तो धूर सुवासिक असतो, पण डोळ्याला वासाशी कर्तव्य नसते. धुराने डोळ्यात पाणी येते ते जळजळीचे. अश्रूंच्या थराची घडी त्याने विस्कटते आणि त्यानंतर कोरडेपणा अधिकच जाणवतो. कडक लेन्सची आणखी एक गोष्ट आहे. ती लहान असते, पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर थोडी हलते, आणि तिच्या कडेखालून धुळीचा कण आत जाऊ शकतो. मग तो कण लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये जात्यातल्या दाण्यासारखा फिरतो. मऊ लेन्स मोठी असते, बुबुळाच्या पलीकडे पांढऱ्यावर टेकते, त्यामुळे कण सहसा आत शिरत नाही. पण ती पाणी धरून ठेवणारी असल्याने कोरड्या हवेत सुकते, आकसते आणि चिकटून बसते. दोघींचे दुखणे वेगळे. धुरापासून दूर नेणे हा पहिला उपाय मात्र एकच.

मी नारळ आणायला गेलो होतो. परतलो तेव्हा आई एका नळाशी उभी होती. तिने लेन्स काढून तळहातावर घेतली होती, नळाच्या पाण्याने धुतली, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा डोळ्यात बसवली.

तिला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाळीस वर्षांपूर्वी कडक लेन्स नळाच्या पाण्याने खळबळून घेण्याची पद्धत सर्रास होती. लेन्स देणारेच तसे सांगत. ती सूचना आईने निष्ठेने पाळली होती. दरम्यान वैद्यकशास्त्राने मत बदलले. नळाचे, विहिरीचे, टाकीचे, बाटलीतले, अगदी उकळून गार केलेलेही पाणी आज लेन्सला वर्ज्य मानले जाते. पाण्यात अकांथामिबा नावाचा एक सूक्ष्म जीव राहतो. एरवी तो निरुपद्रवी. पण लेन्सखाली अडकून ओरखडलेल्या कॉर्नियात शिरला, की तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि त्याला हुसकावायला कित्येक महिने औषध घालावे लागते. लेन्स थुंकीने ओली करण्याची सवयही काहींना असते. तोंडातले जंतू डोळ्यात नेण्याचा तो सरळ रस्ता होय. आपल्या घरात कुणी फार वर्षांपासून लेन्स वापरत असेल, तर आज संध्याकाळी सहज विचारा, “धुताना काय वापरता?” उत्तर ऐकून आपण चकित व्हाल, अशी शक्यता आहे.

लेन्स परत बसताच आईने “अगं बाई” म्हणून डोळा मिटला. तो विद्यार्थी आम्हाला जवळच उतरलेल्या आपल्या मंडळींच्या राहुटीत घेऊन गेला. त्याच्या पत्नीने साबण दिला, हातावर पाणी घातले, स्वच्छ पंचा पुढे केला. आईच्या बोटांना कुंकू आणि तूप लागलेले होते. नळाशी ते नुसत्या पाण्याने गेले नव्हते. हात साबणाने धुणे आणि मग पूर्ण कोरडे करणे या दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण ओल्या बोटांवरून तेच पाणी पुन्हा लेन्सवर जाते. या वेळी लेन्स काढायला तिला फार वेळ लागला. हात कापत होते. तिच्याकडे लेन्स काढायचे रबराचे छोटे साधन असते, पण ते घरी राहिले होते. असे साधन असेल तरी आधी लेन्स खरोखर बुबुळावर आहे ना, हे उजेडात पाहून घ्यावे. ती बाजूला सरकली असेल आणि साधन उघड्या बुबुळावर दाबले गेले, तर नवी इजा होते. लेन्स दिसेनाशी झाली म्हणून घाबरण्याचे कारण नसते. पापणीच्या आतली त्वचा दुमडून डोळ्याच्या गोलावर चढलेली असते, त्यामुळे लेन्स डोळ्यामागे जाऊच शकत नाही. ती वरच्या पापणीखाली दडलेली असते. घट्ट बसलेल्या लेन्सवर डॉक्टरांनी सांगितलेले ओलावा देणारे थेंब घालावेत, डोळा मिटून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग प्रयत्न करावा. नखाने खरवडू नये.

मी धावत गाडीकडे गेलो आणि लेन्सच्या द्रावणाची बाटली आणली. ती समोरच्या काचेपाशी, उन्हात, चार तास होती. बाटली हाताला चटका देत होती. असे तापलेले द्रावण भरवशाचे नसते. त्यातली जंतुनाशक शक्ती टिकली की नाही हे सांगता येत नाही. शेवटी लेन्स कोरड्याच स्वच्छ डबीत ठेवली. कडक लेन्सला काही काळ कोरडे राहणे सोसते, मात्र पुन्हा लावण्यापूर्वी ती रीतसर स्वच्छ करून द्रावणात भिजवावी लागते. मऊ लेन्स अशी सुकली असती, तर ती टाकूनच द्यावी लागली असती.

येथून पुढचा तास मी कधी विसरणार नाही. आई राहुटीत उशीला टेकून बसली होती. तिच्याभोवती तिचे विद्यार्थी, त्यांच्या बायका, नातवंडे. एकेक जण पुढे येऊन पाया पडे आणि आपले नाव सांगे. आई त्यांच्या चेहऱ्यावर हात फिरवी. लेन्स नसलेला उजवा डोळा आणि धूसर डावा डोळा यांतून तिला रंगांचे ढग दिसत होते. डाव्या डोळ्याचा नंबरचा चष्मा आणला असता, तर निदान जवळचा चेहरा तिला ओळखता आला असता. तो चष्मा घरी कपाटात होता. लेन्स आहे म्हणून चष्मा लागत नाही, असा आमचा समज. लेन्स लावणाऱ्या प्रत्येकाजवळ ‘लेन्स काढल्यानंतरचा’ चष्मा असलाच पाहिजे, आणि तो कपाटात नव्हे, पिशवीत असला पाहिजे. तो जवळ असला की माणूस लेन्स काढायला कबूल होतो. आई नळाशी गेली, कारण तिच्यापाशी दुसरा मार्ग आम्ही ठेवलाच नव्हता.

लेन्स काढल्यावर साधी चुरचुर असेल, तर ती तासाभरात उतरणीला लागते. धूळ, कोरडेपणा, थकवा यांचा त्रास असाच जातो. आईचा त्रास गेला नाही. दुपारी चारला तिने पदर डोळ्यावर ओढला आणि उजेड सहन होत नाही म्हणाली. डोळा लाल होता, पापणी सुजली होती, पाणी थांबत नव्हते. राहुटीतल्या एका म्हातारबांनी गुलाबपाणी घालायला सांगितले, कुणी मधाचे नाव काढले, एकाने आपल्या नातवाच्या डोळ्यांचे राहिलेले थेंब देऊ केले. सगळ्यांचा हेतू प्रेमाचा होता. परंतु लेन्स काढूनही दुखणे राहिले, उजेड टोचू लागला, नजर धूसर झाली किंवा लाली वाढली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे. उद्या सकाळची वाट पाहायची नाही. काही जिवाणू एका रात्रीत कॉर्नियात खोल जखम करतात. उरलेल्या थेंबांत स्टिरॉइड असू शकते. त्याने लाली उतरते, बरे वाटते, आणि आत संसर्ग मोकाट वाढतो.

मधुमेह असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे लागते. त्यांच्या कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असू शकते. डोळा लालभडक असूनही “फार दुखत नाही” असे ते म्हणतात आणि ते खरेही असते. तेथे दुखण्यावर विसंबू नये, रंगावर आणि नजरेवर विसंबावे.

आम्ही होमाची पूर्णाहुती न पाहताच निघालो. आई वाटेत एकदाच बोलली: “पोरे इतक्या लांबून आली होती रे.” मी काही उत्तर दिले नाही.

रात्री आठला शहरातल्या एका नेत्रतज्ज्ञांनी तिला तपासले. त्यांनी डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब घातला आणि निळ्या प्रकाशात पाहिले. ओरखडा असेल तेथे तो रंग हिरवा चमकतो. आईच्या कॉर्नियावर दोन ओरखडे होते आणि एकाच्या कडेला किंचित पांढुरकेपणा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “लेन्स आणि डबी आणली आहे का?” सुदैवाने होती. संसर्ग कशाचा आहे हे शोधायला लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली यांची मदत होते. म्हणून घाबरून त्या फेकून देऊ नयेत. डबीकडे पाहून मात्र त्यांनी मान हलवली. ती दोन वर्षे जुनी होती आणि तिच्या तळाशी बुळबुळीत थर होता. आम्ही रोज जुन्या द्रावणातच नवे ओतत होतो, संपत आलेल्या लोणच्यात तेल घालावे तसे. द्रावण रोज पूर्ण ओतून टाकावे, डबी ताज्या द्रावणाने धुवावी, पुसून उपडी कोरडी ठेवावी आणि साधारण तीन महिन्यांनी बदलावी, हे साठ-सत्तर रुपयांचे शहाणपण आम्हाला त्या रात्री मिळाले.

प्रतिजैविकाचे थेंब दर तासाला, पहिली रात्र जागून. डोळ्यावर पट्टी बांधू नका, असे त्यांनी बजावले. घरगुती समजुतीने आपण दुखरा डोळा झाकतो, पण लेन्समुळे झालेल्या ओरखड्यावर पट्टी बांधली की आतल्या उबेत जंतूंना रान मोकळे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी, मग एक दिवसाआड. पांढुरकेपणा वाढला नाही. पाचव्या दिवशी ओरखडे भरले. लेन्स पुन्हा लावायला महिन्यानंतर परवानगी मिळाली, तीही नव्या लेन्सला, नव्या डबीला, आणि दिवसाला आठ तासांच्या मर्यादेने. पापण्यांच्या कडा स्वच्छ ठेवायच्या आणि गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने रोज पाच-दहा मिनिटे शेकायच्या, असेही सांगितले. लेन्सखालच्या कोरडेपणाला आईला सर्वांत जास्त उपयोग या शेकण्याचाच झाला, थेंबांपेक्षाही. थेंब घालायचेच असतील, तर ते लेन्सवर चालणारे, शक्यतो परिरक्षक द्रव्य नसलेले आहेत ना, हे डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावे. लाली घालवणारे दुकानातले थेंब या कामाचे नव्हेत.

फेब्रुवारीत तिने स्वतःच विषय काढला. पंधरा तारखेला सेवालाल महाराजांची जयंती असते. समाज त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतो. ऊन कोवळे, हवा स्वच्छ, वावरात अजून हरभरा आणि गहू उभे, त्यामुळे धूळही कमी. आपल्या घरी लेन्स लावणारे ज्येष्ठ असतील, तर पोहरादेवीला जाण्यासाठी चैत्रापेक्षा माघ-फाल्गुन बरा, असे माझे मत आहे. रामनवमीचे माहात्म्य मोठे आहे हे खरे. पण जगदंबा बाराही महिने तेथेच असते.

या वेळी आई चष्मा लावून निघाली. लेन्स नव्या डबीत, द्रावण थर्माच्या पिशवीत, गाडीतल्या वाऱ्याची झडप पायांकडे वळवलेली. पिशवीत एक छोटा आरसा, साबणाची वडी, न विरणारे कोरडे रुमाल, रबराचे साधन आणि नेत्रतज्ज्ञांचा क्रमांक लिहिलेला कागद. दिग्रसला एका ओळखीच्या घरी थांबलो. तेथे तिने शांतपणे हात धुतले, कोरडे केले आणि लेन्स लावली. होमापाशी जाताना वरून मोठ्या काचांचा गॉगल. ज्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग निघून गेले आहे त्यात अतिनील किरण अधिक शिरतात, आणि चकाकीही फार जाणवते. आरशांच्या फेटिया समोरून आल्या तेव्हा गॉगलचा अर्थ तिला लगेच कळला. होमाला तिने वाऱ्याच्या उलट बाजूने, दुरून हात जोडले.

आता तेथे नगाऱ्याच्या आकाराचे मोठे संग्रहालय उभे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. चार मजली इमारत, तेरा दालने, बंजारा समाजाचा इतिहास. आपण ज्येष्ठांना घेऊन जाल, तेव्हा हे सारे एका दमात पाहण्याचा हट्ट धरू नका. चित्रे आणि पाट्या एकटक पाहताना पापणी मिटायची राहून जाते आणि लेन्स सुकते. आम्ही थोडे पाहायचे, बाकावर बसायचे, डोळे मिटून मिनिटभर गप्पा मारायच्या, मग उठायचे, असा क्रम ठेवला. तिसऱ्या बाकावर तो विद्यार्थी भेटला. आईने त्याच्याकडे सरळ पाहिले, मान न वळवता, आणि म्हणाली, “तुझ्या भुवईवर ती खूण अजून आहे. पाटी लागली होती, चौथीत.”

तो हसला आणि भुवईवर बोट ठेवून म्हणाला, “बाई, पाटी तुमच्याच हातातून सुटली होती.”

तीन वाजता आईने घड्याळाकडे पाहिले. आठ तास अजून व्हायचे होते, पण उजवा डोळा जड वाटतो आहे, असे ती आपणहून म्हणाली. आम्ही गाडीत बसलो. तिने हात पुसले, लेन्स काढली, डबीत ताजे द्रावण घातले, झाकण फिरवून लावले आणि चष्मा चढवला. मग काच खाली करायला सांगितली, आणि रस्त्याच्या कडेचा हरभरा घाटे धरलेला आहे की सोललेला, हे मला विचारू लागली.